मदत हवी आहे: दोनच वेळा जेवण सुरू केल्यापासून साखर खाली येते, वजन मात्र अडलंय

रानजाई
बाबांसाठी विचारतेय. वय ५८, उंची १६५ सेंमी, वजन ८२, कंबर १०२ सेंमी. मधुमेह ४ वर्षांपासून, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. ग्लिमेपिराइड २ + मेटफॉर्मिन ५०० + व्होग्लिबोज ०.२ अशी एकत्र गोळी सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०.

तीन आठवडे झाले, दुपारी १२ आणि रात्री ८ असं दोनच वेळा जेवतात. सकाळी ६ ला उपाशीपोटी ४५ मिनिटं चालतात. गोळ्यांच्या वेळा त्याच आहेत. दोनदा ११ च्या सुमारास हात थरथरले, दरदरून घाम आला. मशीनवर ५८ आणि ६३. साखर आणि बिस्किटं दिली, पण अर्धा तास बरं वाटलं नाही. पहिल्या दहा दिवसांत ३ किलो उतरले, तेव्हापासून काटा हलत नाही.
सकाळची गोळी बंद करू का? आणि पोळीऐवजी भाकरी देतोय, तरी वजन का अडलं?

ताकपिठलं
आधी साखरेचं बघा, वजन आठवडाभर थांबेल.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. ८ ला गोळी, १२ ला ताट, त्यात सकाळची चाल. ११ ला साखर पडणारच. मेटफॉर्मिन एकटं असतं तर असं सहसा होत नाही.

गोळी मनाने बंद करू नका, अर्धी तोडूही नका. या गोळ्यांमधलं मेटफॉर्मिन बहुतेक वेळा हळूहळू सुटणारं असतं, तोडली की ती रचना मोडते. आजच डॉक्टरांना फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: जेवणाच्या नव्या वेळा, ५८-६३ हे आकडे वेळेसकट, गोळीचं नाव आणि ताकद. एकत्र गोळीतला एकच भाग कमी करता येत नाही, म्हणून सुट्या गोळ्या लिहून देता येतील का हे मुद्दाम विचारा. बोलणं होईपर्यंत सकाळचा नाश्ता परत सुरू करा आणि उपाशी चालणं थांबवा.

साखर का लागू पडली नाही? व्होग्लिबोजमुळे. ते आतड्यात साखर आणि पिष्ट फोडू देत नाही. त्यामुळे चहाची साखर, गूळ, बिस्किटं सगळं उशिरा चढतं. घरात आणि खिशात ग्लुकोज पावडर ठेवा. ७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम (साधारण ३ छोटे चमचे) पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. नंतर जेवण द्या. ग्लिमेपिराइडने साखर काही तासांनी परत पडू शकते, म्हणून दिवसभर लक्ष ठेवा. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

वजन उतरतं तसं बीपीही उतरतं. उठताना चक्कर येते का, तेही विचारा.

सुकाळ_७
वजनाचं मी सांगतो. पहिल्या ३ किलोंत बराचसा भाग पाण्याचा. पिष्ट कमी खाल्लं की शरीरातला साठा संपतो आणि त्याला धरलेलं पाणीही जातं. खरी चरबी आठवड्याला अर्धा किलो गेली तरी उत्तम, आणि त्यासाठी रोज साधारण ५०० कॅलरी कमी पडाव्या लागतात.

भाकरीला लोक औषध समजतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीठ मोजा. घरची मोठी भाकरी ६० ग्रॅमच्या पिठाची निघते, पोळी ३० ची. म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांएवढी. ज्वारीची असो वा गव्हाची, पिष्ट ग्रॅमला ग्रॅम जवळपास तेवढंच. ४० ग्रॅमची एक भाकरी, मोठी वाटी भाजी, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण किंवा ४० ग्रॅम मटकीची उसळ, दह्यातली कोशिंबीर. तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला जेमतेम तीन छोटे चमचे. मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम) म्हणजे १७० कॅलरी, आणि आपल्याकडे कूट कोणी मोजत नाही.

शिवाय साखर पडली की माणूस हाताला लागेल ते खातो. कमावलेली तूट तिथेच भरून निघते. त्यामुळे गोळी बसवून घेतल्याशिवाय वजनाचं गणित जुळणार नाही.

चालणं जेवणानंतर १५-१५ मिनिटांचं करा, जेवणानंतरची साखर त्याने जास्त आवरते. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, १० च्या तीन फेऱ्या. तळपाय रोज बघा. डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासला नसेल तर आता तपासून घ्या, कारण साखर भराभर उतरली तर आधीचा बिघाड वाढू शकतो.

रानजाई
डॉक्टरांनी सुट्या गोळ्या करून दिल्या, ग्लिमेपिराइड १ वर आणलं, तेही पहिल्या घासाबरोबर. गोळ्या पूर्ण सुटतात असं जे म्हणतात ते खरं का?

ताकपिठलं
काहींच्या सुटतात. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या डायरेक्ट चाचणीत (२०१७) मधुमेह ६ वर्षांच्या आतला, इन्सुलिन नाही, अशी माणसं घेतली होती. ३ ते ५ महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचं एचबीएवनसी गोळ्यांशिवाय ६.५ च्या खाली होतं. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत ८६ टक्के. पण तिथे मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी, देखरेखीखाली बंद केल्या होत्या. रील्समध्ये नेमकं हेच गाळतात. तुमच्या बाबांनी सध्या ७-८ किलो उतरवायचं धरून चालावं आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी बघावं.

रानजाई
आणि संकष्टी? ते सोडायला तयार नाहीत.

सुकाळ_७
डॉक्टरांना विचारून करा, निर्जळी नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा आणि कूट. त्याऐवजी राजगिऱ्याची लहान भाकरी, दही, काकडी. चंद्रोदय कधी कधी ९ च्याही पुढे जातो. त्या दिवशी ८ ची गोळी घेऊन चंद्राची वाट बघत बसायचं नाही. गोळी ताट वाढल्यावरच.