गुणपत्रिकेची 'झेरॉक्स' काढली, हे इंग्रजीत कसे लिहावे?

प्रश्न: परदेशी विद्यापीठाला इंग्रजीत पत्र लिहिताना गुणपत्रिकेच्या प्रतीसंबंधी 'झेरॉक्स', 'डुप्लिकेट' आणि 'रिप्रोड्यूस' यांपैकी कोणते क्रियापद वापरावे, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: यांपैकी एकही नको, 'फोटोकॉपी' लिहावे. झेरॉक्स हे कंपनीचे नाव आहे. अमेरिकी संशोधक चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये शाईविना, कोरड्या पद्धतीने पहिली प्रत काढली आणि १९५९ मध्ये या कंपनीचे '९१४' हे प्रती काढण्याचे यंत्र आल्यानंतर 'झेरॉक्स' हे नाव क्रियापदासारखे रुळले. या वापराविरुद्ध कंपनीने स्वतः जाहिराती दिल्या. आपल्याकडे ते सर्वमान्य असले, तरी औपचारिक पत्रात टाळलेलेच बरे.

उत्तर २: 'डुप्लिकेट'बाबत विशेष सावध राहावे. आपल्या बाजारात त्याचा अर्थ बनावट असा होतो, तर मूळ गुणपत्रिका हरवल्यावर विद्यापीठ जी नवी देते, तिलाही 'डुप्लिकेट'च म्हणतात. त्यामुळे साध्या प्रतीसाठी हा शब्द योजल्यास वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. किल्लीसाठी मात्र तो अगदी योग्य आहे. 'रिप्रोड्यूस' हे एखादे चित्र किंवा उतारा पुस्तकात पुन्हा छापण्यासाठी, तर 'रेप्लिकेट' हे प्रयोग पुन्हा करून निष्कर्ष पडताळण्यासाठी वापरतात. खोटी सही करणे म्हणजे 'फोर्ज', आणि खोट्या नोटा छापणे म्हणजे 'काउंटरफिट'.

उत्तर ३: प्रत साक्षांकित असल्यास 'सर्टिफाइड कॉपी' असे स्पष्ट लिहावे, कारण अनेक विद्यापीठे साधी प्रत स्वीकारत नाहीत. ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढण्यासाठी 'ट्रान्स्क्राइब' आहे, आणि गुणपत्रिकेला अमेरिकेत 'ट्रान्स्क्रिप्ट' म्हणतात.