चाळीस वर्षं एकच महापौर: चार्ल्स्टनचं भलं झालं का?

धागाकर्ता:
अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनातलं चार्ल्स्टन. वस्ती आजही दीड लाखाच्या आसपास. जोसेफ रायली 1975 मध्ये इथे महापौर म्हणून निवडून आले, ते सलग दहा निवडणुका जिंकून थेट जानेवारी 2016 मध्ये पायउतार झाले. बंदरालगतच्या पडीक पट्ट्यात उंच इमारती उठल्या असत्या. तिथे त्यांनी सर्वांना खुली बाग केली. 1989 च्या ह्यूगो वादळाने काम मोडलं, तरी 1990 मध्ये बाग खुली झाली. एवढी चिकाटी दोन-चार वर्षांच्या महापौराकडे येणार कुठून?

प्रतिसाद १:
बाग सुंदरच आहे. पण रायली आले तेव्हा जुन्या शहराच्या द्वीपकल्पावर कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, आता अल्पसंख्य आहेत. शहर सजलं, पर्यटक वाढले, भाडी चढली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कुटुंबं बाहेर फेकली गेली. शिवाय मोठ्या भरतीला आजही रस्त्यांवर पाणी येतं. बागेचं श्रेय त्यांचं, मग हे कोणाचं?

प्रतिसाद २:
आपल्याकडे महापौराला अडीच वर्षं मिळतात. पद कोणत्या प्रवर्गाला, ते सोडतीवर ठरतं आणि कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे. त्यामुळे रायलींचा हेवा वाटतो, खरंय. तरी चाळीस वर्षं मला मान्य नाहीत. सगळी खाती एकाच माणसाच्या पसंतीची झाली, की 'साहेब, हे चुकतंय' असं सांगणारा उरत नाही. दहा-बारा वर्षं द्या, पण अधिकारांसकट.

धागाकर्ता:
भाड्यांचा मुद्दा मान्य, तिथे ते कमी पडले. पण त्यांना गरिबांचं सोयरसुतक नव्हतं असं कोणी म्हणत असेल, तर ते खोटं आहे. गरिबांची सरकारी घरं त्यांनी एका कोपऱ्यात कोंबली नाहीत. वेगवेगळ्या वस्त्यांत, तिथल्या जुन्या घरांच्या वळणाची बांधली. राज्याच्या विधानभवनावरचा कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा, उतरवा म्हणून 2000 मध्ये ते राज्याची राजधानी कोलंबियापर्यंत सुमारे 190 किलोमीटर चालत गेले. गोऱ्या मतदारांचा रोष पत्करून!

प्रतिसाद १:
पदयात्रेला माझा मनापासून सलाम. मात्र गुलामांच्या इतिहासाचं संग्रहालय त्यांनी 2000 मध्ये जाहीर केलं आणि उघडलं 2023 मध्ये. हातात सत्ता असलेली पंधरा वर्षं त्यात गेली.

धागाकर्ता:
गेली, पण पद सुटल्यावरही ते त्यासाठी निधी गोळा करत राहिले. शेवटी संग्रहालय उभं राहिलं तेही गॅड्सडेन धक्क्यावर, जिथे गुलाम म्हणून आणलेल्या हजारो आफ्रिकनांना उतरवलं जाई.