मदरबोर्ड बदलला तर विकतची विंडोज सिस्टीम पण गेली?? लग्नसरा तोंडावर आहे, प्लीज मदत करा

कंकोत्रीवाली, बडोदा:
दांडिया बाजारात आमचं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी करायचं) छोटं काम आहे, गुजराती-मराठी कंकोत्र्या म्हणजे लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड वगैरे. गेल्या आठवड्यात पीसीचा मदरबोर्ड जळला, रावपुऱ्यातून नवीन बसवून आणला, हार्ड डिस्क तीच, बाकी सगळं तेच आणि आता स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखं अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणून येतंय. अहो पैसे भरलेत ना एकदा, बिल आहे माझ्याकडे! त्यात ही विंडोजची होम एडिशन, मांजलपूरला घरी बसून दुकानातला पीसी रिमोट डेस्कटॉपने उघडायचा तर म्हणे प्रो एडिशन घ्या. मुलगा लहान आहे, संध्याकाळी दुकानात थांबता येत नाही, मला नेमकं हेच लागतं आणि नेमकं हेच नाही. खूप चीड येते. परत लायसन्स घेऊ का?

हार्डवेअरदादा:
ताई, तुमचं लायसन्स पीसीबरोबर आलेलं असणार, त्याला ओईएम म्हणतात, ते मदरबोर्डला बांधलेलं असतं. रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं, असेल तर दुसऱ्या बोर्डवर नेता येतं, म्हणून आधी बिलावर काय लिहिलंय ते बघा. अमेरिकेतला छापील भाव होमचा १३९ डॉलर, प्रोचा १९९ च्या वर, छोट्या दुकानदाराने हे दर वेळी कुठून भरायचे? ऑनलाइन पाच-सातशेला लायसन्स की (कोड) मिळते ती मात्र घेऊ नका, पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्सची (एकदम अनेक पीसींसाठी घेतलेल्या) असते, कधीही बंद पडते.
आणि रिमोटसाठी प्रो लागतच नाही. रस्टडेस्क नावाचं सॉफ्टवेअर टाका, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, होमवर चालतं, कायमचा पासवर्ड लावला की तिकडे कोणी बसायला नको. फक्त पीसीचा स्लीप मोड बंद ठेवा.

मांडवीकर:
मी तर म्हणेन विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम पेन ड्राइव्हवर टाकून बघा, काही इन्स्टॉल न करता तिथूनच चालू होतं, प्रिंटर ओळखतो का ते लगेच कळेल. युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी) मराठीला अडचण नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो, दर्यातला र्य आणि ‘सुऱ्या’तला ऱ्य दोन्ही बरोबर उमटतात. पण कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाही, आणि जुन्या कंकोत्र्या बिगर-युनिकोड फॉन्टात असतील तर मजकूर परत टाइप करावा लागेल. म्हणून लग्नसराईत अजिबात बदलू नका!! नंतर निवांत करा.

कंकोत्रीवाली, बडोदा:
बिल बघितलं, ओईएमच आहे. जुन्या फायली सगळ्या कोरलमध्ये, त्यामुळे आत्ता होमचंच रिटेल घेते, प्रो नाही. रस्टडेस्क काल रात्री टाकलं, घरून पीसी उघडला आणि एका कंकोत्रीतली मुहूर्ताची वेळ चुकली होती ती दुरुस्त पण केली, सकाळी आठला छापायला जाणार होती हो ती. दादा, खूप आभार. मिंट वैशाखानंतर नक्की बघते, तेव्हा परत विचारीन.