मदत हवी आहे : एमजी टीडीचा मूळ टूल किट कसा ओळखायचा?

मंडळी, माझ्याकडे १९५२ ची एमजी टीडी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. इंजिन, रंग, हूड सगळं मार्गी लागलं, पण हत्यारांची पिशवी गाडीबरोबर आलीच नाही. आता एक विक्रेता 'पूर्ण ओरिजिनल' म्हणून संच देतोय आणि फोटो पाहून माझं डोकं गरगरतंय.

त्यात तांब्याचा हातोडा आहे. तो टीसीच्या (टीडीच्या आधीचं मॉडेल) तारांच्या चाकांवरचे मधले नट ठोकायला लागतो. टीडीची चाकं पत्र्याची, बोल्टवर बसणारी. मग हा हातोडा इथे काय करतोय?

दुसरी शंका पान्यांची. या १२५० सीसी एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक, पण नट-बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाची (कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे!). म्हणजे पाने व्हिटवर्थच हवेत ना? फोटोतल्या दोन पान्यांवर मिलिमीटरचे आकडे आहेत. व्हिटवर्थचा १/४ इंची पाना (हा आकडा बोल्टच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नाही) तोंडाला साधारण १३.३ मिमीचा, त्यामुळे १३ चा बसणार नाही आणि १४ चा डोकी गोल करून ठेवेल.

कोणाकडे मूळ संच असेल तर कृपया पान्यांवरच्या खुणांचे जवळून काढलेले फोटो टाका. प्लगचा पाना आणि ग्रीस गनही दिसू द्या. पिशवीचं कापड आणि पट्टे कसे होते, तेही सांगा. पॉलिश करून चकचकीत केलेलं नको, गंजलेलं चालेल.