2014 चा डेस्कटॉप आणि पंधरा हजार रुपये: नवा घ्यावा की जुनाच सुधारावा?

जुळारी

हाताशी पैसे मर्यादित असतील, तर जुना डेस्कटॉप काढून टाकण्यापेक्षा तो सुधारून घेणे अधिक योग्य, असे माझे मत आहे आणि ते जाणकारांकडून तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. मी सदाशिव पेठेत घरूनच अक्षरजुळणीची कामे करतो. संस्थांच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल आणि दिवाळी अंकांची काही पाने माझ्याकडे येतात. यंत्र 2014 सालचे आहे: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-5 4460 प्रोसेसर, एच-81 मदरबोर्ड, 4 जीबी डीडीआर-3 रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज 10. पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरसोबत ब्राउझर उघडला की टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर 100 टक्क्यांवर जाऊन तिथेच अडकतो, मात्र प्रोसेसर त्या वेळीही बराचसा मोकळा दिसतो. याचा अर्थ दुखणे डिस्कचे आणि रॅमचे आहे, मग त्यासाठी संपूर्ण यंत्र का बदलावे? मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस चांगल्या स्थितीत आहेत. अंदाजपत्रक 15,000 रुपयांचे असून ते वाढवता येणार नाही.

धायरीकर

आपले निदान बरोबर आहे, परंतु उपायाशी मी सहमत नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवल्याने यंत्र वेगवान होईल, यात शंका नाही. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 ते 150 एमबी वाचते, हार्ड डिस्कच्याच साटा केबलने जोडायची एसएसडी 500 एमबीच्या पुढे जाते, आणि लहान लहान फायली शोधून वाचताना तर ही तफावत कितीतरी पटींनी वाढते. मला काळजी वाटते ती यंत्राच्या उरलेल्या आयुष्याची. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा अद्यतने नोंदणी केल्यास 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतील. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, म्हणजे आपले यंत्र त्या यादीत बसतच नाही. ज्या यंत्रावर ग्राहकांची कागदपत्रे येतात आणि बहुधा बँकेचे व्यवहारही होतात, ते अद्यतनांविना इंटरनेटला जोडून ठेवणे मला धोक्याचे वाटते.

हिंजवडी आणि खराडीतल्या कंपन्यांच्या कार्यालयांतून काही वर्षांनी उतरवलेली यंत्रे तपासून पुन्हा विकली जातात. त्यांत आय-5 8500 हा आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेले, म्हणजे सहा कोअरचे, डीडीआर-4 रॅमचे आणि विंडोज 11 अधिकृतपणे चालणारे यंत्र नीट शोधल्यास आपल्या रकमेत बसू शकते. डीडीआर-3 रॅमवर आज घातलेला पैसा पुढच्या कोणत्याही यंत्रात उपयोगी पडणार नाही, हेही ध्यानात घ्यावे.

दुरुस्तीवाला

संगणक दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

धायरीकरांनी सुचवलेली यंत्रे चांगली असतात, परंतु त्यांची एक अडचण ग्राहकाला विकत घेताना सांगितली जात नाही. नामांकित कंपन्यांच्या अशा कार्यालयीन यंत्रांत पुष्कळदा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग), त्याचे कनेक्टर आणि मदरबोर्ड हे त्या त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. जुळारी यांच्या साध्या कॅबिनेटमधला एसएमपीएस उद्या जळाला, तर तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन त्याच दिवशी दुसरा आणता येतो. खास मापाचा भाग मात्र शोधत बसावा लागतो आणि तोपर्यंत काम थांबते. दिवाळी अंकाच्या ऐन घाईत असे झाले, तर होणारे नुकसान एसएमपीएसच्या किमतीपेक्षा मोठे असेल.

दुसरा मुद्दा काळाचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी वाढल्यामुळे 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत. डिसेंबर 2025 मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल या नावाने चालणारा आपला ग्राहकविक्रीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. डीडीआर-5 आणि डीडीआर-4 या दोन्हींना या भाववाढीची झळ लागली आहे. अशा वेळी मर्यादित रकमेत नवे यंत्र जुळवायचे म्हटले, तर रॅम, मदरबोर्ड किंवा एसएसडी यांपैकी कशात तरी हात आखडता घ्यावा लागतो, आणि माझ्या अनुभवात ती कसर बहुतेक वेळा एसएमपीएसवर निघते, जिथे ती मुळीच काढू नये. एच-81 बोर्डावर रॅमच्या दोन जागा असून 16 जीबीपर्यंत रॅम चालते, आणि वापरलेली डीडीआर-3 रॅम अजूनही सहज मिळते. एसएसडी मात्र साटाचीच घ्यावी, कारण या बोर्डावर एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडीवरून यंत्र सुरू करण्याची सरळ सोय नाही.

धायरीकर

खास मापाच्या भागांविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही जुळारी यांनी रॅम घेण्याआधी एक गोष्ट पाहावी: त्यांचे विंडोज 32 बिटचे आहे की 64 बिटचे? 32 बिट विंडोज 4 जीबीच्या वर रॅम वापरूच शकत नाही, आणि त्यातलाही काही भाग अन्य उपकरणांसाठी राखला जातो. असे असल्यास रॅमवरचा सगळा खर्च वाया जाईल.

जुळारी

पाहिले, 32 बिटच आहे. तसे ठेवण्याचे कारणही आहे. माझी जुनी मराठी टंकप्रणाली (फॉन्टचे सॉफ्टवेअर) ज्या इन्स्टॉलरने बसते, तो 64 बिट विंडोजवर चालत नाही, आणि कित्येक वर्षांच्या फायली त्याच टंकांत आहेत. जुन्या स्मरणिकेतले दहा-बारा लेख पुन्हा छापायचे आहेत, असे सांगत एखादी संस्था येते, तेव्हा त्या फायली उघडता येणे हीच माझी रोजीरोटी असते. धायरीकर, आपण सुचवलेल्या यंत्रावर विंडोज 11 येईल, आणि त्याची 32 बिट आवृत्ती निघालेलीच नाही. म्हणजे यंत्र बदलूनही ही अडचण जशीच्या तशी राहते.

मुद्रितशोधक

मग मूळ प्रश्न यंत्राचा नाही, फायलींचा आहे, असे मला वाटते, आणि म्हणून दोन्हींपैकी कोणत्याही बाजूला पैसे घालण्याआधी थांबावे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 साली आली. त्याच कामाच्या इनडिझाइन या नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये पेजमेकरच्या फायली थेट उघडण्याची सोय सीएस-6 आवृत्तीनंतर राहिली नाही. म्हणजे ही वाट दरवर्षी अरुंद होत जाणार आहे. जुन्या टंकांतला मजकूर आतापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आणण्यास सुरुवात करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे काम सोपे नाही, याची मला जाणीव आहे. जुन्या टंकांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, त्यामुळे रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, काही जोडाक्षरे तुटतात, आणि प्रत्येक पान पुन्हा वाचून काढावे लागते. तरीही ज्या मजकुराला लोक पुन्हा पुन्हा मागणी करतात, तो एका यंत्राच्या आयुष्याशी बांधून ठेवणे योग्य नाही.

कर्वेनगरची

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली वापरते. जुळारी, आपल्या प्रोसेसरमध्ये आभासी यंत्र, म्हणजे एका यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे यंत्र, चालवण्याची सोय आहे. रॅम 16 जीबी केली आणि एसएसडीवर लिनक्स मिंट 22 बसवले, तर त्याची सुरक्षा अद्यतने 2029 पर्यंत मिळतील. व्हर्च्युअलबॉक्स या आभासी यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने 32 बिट विंडोज ठेवावे आणि त्याचे नेटवर्क पूर्ण बंद करावे. पेजमेकर आत चालेल, आणि छापखान्याला द्यायची पीडीएफ सामायिक फोल्डरमधून बाहेर येईल.

धायरीकर

ताई, हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या चांगला आहे, पण परवान्याचे काय? यंत्रासोबत आलेला आणि मदरबोर्डाला बांधलेला ओईएम परवाना आभासी यंत्राला चालत नाही. शिवाय टंकप्रणालीला हार्डवेअर लॉक (परवाना तपासण्यासाठी यंत्राला जोडायची छोटी किल्ली) असेल, तर तो आभासी यंत्रात ओळखला जाईल का, हे आधी करून पाहिले पाहिजे. एका व्यक्तीच्या उपजीविकेचे यंत्र आहे, तेव्हा प्रयोग करण्यापूर्वी परतीची वाट हवी.

जुळारी

विंडोज 7 ची 32 बिटची पेटीबंद प्रत माझ्याकडे आहे; ती दुकानातून स्वतंत्र घेतलेली असून सध्या कोणत्याही यंत्रावर बसवलेली नाही. लॉक यूएसबीचा आहे. धायरीकरांची परतीच्या वाटेची सूचना मी स्वीकारतो: जुनी हार्ड डिस्क आहे तशी काढून ठेवीन आणि नवी मांडणी एसएसडीवर करीन, म्हणजे काही बिघडल्यास केबल बदलून त्याच दिवशी काम सुरू करता येईल. मुद्रितशोधक, युनिकोडचे आपले म्हणणे मला पटते. सर्वाधिक मागणी असलेल्या स्मरणिकांपासून सुरुवात करण्याचा विचार आहे.

धायरीकर

या मांडणीस माझा विरोध नाही, पण माझे मूळ मत कायम आहे. बारा वर्षांच्या मदरबोर्डावर निम्मी रक्कम घालण्याऐवजी आठव्या पिढीच्या यंत्रावर हीच मांडणी केली असती, तर ती अधिक वर्षे टिकली असती. लिनक्स आणि आभासी विंडोज तिथेही चालतात.

दुरुस्तीवाला

याचा निर्णय कॅबिनेट उघडून बोर्ड पाहिल्यावरच घ्यावा. जुळारी, प्रथम सर्व फायली एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा, कारण इतक्या जुन्या हार्ड डिस्कचा भरवसा धरता येत नाही. त्यानंतर कॅबिनेट उघडून धूळ काढा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नव्याने लावा, आणि यंत्र घड्याळाची वेळ विसरत असेल तर सीआर 2032 ची बटण बॅटरी बदला. मग प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर (बोर्डावरचे लहान नळकांड्यांसारखे भाग) चांगल्या उजेडात पाहा. त्यांचे माथे सपाट असतील, तर एसएसडी, रॅम आणि एक प्रमाणित एसएमपीएस घ्या. तुमच्या रकमेतून काही पैसे उरतीलसुद्धा. एकाचाही माथा फुगलेला दिसला किंवा बुडाशी तपकिरी ओल दिसली, तर डीडीआर-3 वर एक रुपयाही घालू नका. तशा स्थितीत धायरीकर सांगतात तेच यंत्र घ्यावे, आणि घेताना त्या मापाचा एक जादा एसएमपीएस दुकानदाराकडून मागून घ्यावा.