भाचो कार्टिंगात दुसरो इलो, पण गावात इचारता कोण?

गॅरेजवालो कुडाळ

मंडळी, राम राम. मी एरवी इथे नुसता वाचतो. जुन्या यामाहाचा एखादा पार्ट कुठे मिळेल, एवढं विचारण्यापुरतं तोंड उघडतो. आज जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

कुडाळात माझं दुचाकीचं गॅरेज आहे, पंचवीस वर्षं झाली. बहिणीचा मुलगा, वय 13, सुट्टी लागली की माझ्याकडेच. तीन वर्षांपूर्वी मडगावला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा नुव्याच्या डोंगरावरच्या ट्रॅकवर त्याला गंमत म्हणून गो-कार्टमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या उघड्या शर्यतीच्या गाडीत, बसवलं. मी कठड्याला टेकून बघत होतो. चार-पाच लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, झाल्यावर लक्षात आलं की पोरगा वळणात ब्रेक मारतच नाहीये. वळणाच्या आधी मारतो, पाय काढतो आणि गाडी वळणात सोडून देतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मला ते बाविसाव्या वर्षी कळलं, झारापच्या वळणावर आरएक्स शंभर घेऊन आडवा झाल्यावर.

तेव्हापासून आमच्या कोल्हापूरच्या वाऱ्या सुरू आहेत. पहाटे निघायचं, फोंडा घाट चढायचा, राधानगरीला चहा, दहाच्या आत ट्रॅकवर. यंदा मे महिन्यात तिथल्या एका क्लबच्या शर्यतीत हा दुसरा आला. सगळ्या भाड्याच्या कार्ट, कुणाला कुठली ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, म्हणजे बापाच्या पैशाचा प्रश्नच नाही. बारा लॅप झाले आणि पहिल्या आलेल्या पोराच्या मागे हा दोन दशांश सेकंद. प्लगची टोपी काढायला मला याहून जास्त वेळ लागतो.

चषक घेऊन घरी आलो. शेजारच्या काकींनी तो हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाल्या, "खेळण्यातली गाडी मां ती?" जूनमध्ये शाळा उघडल्यावर सरांनी विचारलं, ह्याला ग्रेस मार्क असतात का. पेपरात लिहिणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला फोटो दिला, तर चार दिवसांनी कबड्डीच्या निकालाखाली अडीच ओळी आल्या. त्यातसुद्धा 'कार रॅली'.

मी काय हार-तुरे मागत नाही. पण जुलैत मावशीच्या गावी, संगमेश्वराकडे, चिखलातली नांगरणी स्पर्धा बघायला गेलो आणि तिथून हे डोक्यात बसलंय. पाऊस धो धो, बांधावर पाय ठेवायला जागा नाही. एक-एक जोडी सुटते, निशाणाला वळसा घालते, परत येते, की माइकवर सेकंद सांगतात. माझ्या बाजूला सत्तरीचे एक आजोबा, डोक्यावर खताची पिशवी. त्यांना प्रत्येक जोडीची मागच्या वर्षाची वेळसुद्धा पाठ. कुठला बैल आतून वळतो, कुठला जू बाहेर ओढतो, वळसा मोठा घेतला तर किती जातं, सगळं. अरे, ही तर क्वालिफायिंग, शर्यतीआधी एकेकाची वेळ घेतात ती! ज्या माणसांना हे इतकं कळतं, त्यांना कार्टचं का कळू नये? बैल गरिबाचा आणि कार्ट श्रीमंताची असं कुणी म्हणेल, तर त्याने आधी शर्यतीच्या जोडीची किंमत विचारून यावं.

तर दोन गोष्टी सांगा. पोराला पुढे न्यायचं तर पुढची पायरी कुठली? आणि आपल्याकडे हे बघायला माणूस कधी येणार, की येणारच नाही?

पंचगंगेकाठचा

मामा, पोराला कोल्हापूरकडनं शाबासकी सांगा. चिठ्ठीच्या गाडीवर दुसरा येणं सोपं नाही, भाड्याच्या दोन कार्ट कधी सारख्या पळत नाहीत.

आमच्याकडं लोक येतात बघायला, पण ते एका दिवसात झालं नाही. मोहित्यांनी इथं ट्रॅक आणि अकॅडमी काढली, म्हणून गल्लीतल्या पोरांना हा खेळ दिसला तरी. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या शर्यतींत उतरला, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या एका पायरीपर्यंत, जाऊन आला. आपल्या पेठेतला कुणी गेला म्हटल्यावर तालमीतला पैलवानसुद्धा विचारतो, काय झालं रे त्याच्या शर्यतीचं?

आता पायरीचं. तुमचा भाचा आत्ता जी चालवतोय ती भाड्याची कार्ट, म्हणजे बहुतेक होंडाचं जीएक्स 270 इंजिन, फोर-स्ट्रोक, नऊ हॉर्सपॉवरच्या आसपास, वर चहूबाजूंनी बंपर. शर्यतीची कार्ट हे वेगळंच जनावर आहे. आपल्या राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं रोटॅक्सवर होत आल्यात. ऑस्ट्रियाचं 125 सीसी टू-स्ट्रोक इंजिन, ज्युनियरला 23 हॉर्सपॉवर, सीनियरला 30, आणि कार्टचं वजन हलकं. इंजिन सील केलेलं येतं, तुमच्यासारख्या हात शिवशिवणाऱ्या माणसाला उघडायला बंदी, नाराज होऊ नका. 13 म्हणजे तो ज्युनियरच्या वयात आहे. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या महासंघाचं, लायसन्स काढावं लागतं, त्याशिवाय राष्ट्रीय शर्यतीत उभं करत नाहीत.

माझा सल्ला ऐकाल तर कार्ट विकत घेऊ नका. एखाद्या टीमकडं दिवसाच्या बोलीवर टेस्टिंग करा. गाडी त्यांची, मेकॅनिक त्यांचा, पोरगा तुमचा. पहिल्याच दिवशी बरगड्यांचं गार्ड घाला. सस्पेन्शन नसतं, सगळे दणके सीटमधनं थेट बरगडीला येतात, आणि सीट एक बोट जरी ढिली असली तरी पोरगा दुसऱ्या दिवशी खोकायला घाबरतो. खर्चाचा आकडा टीमकडनंच घ्या, टायर आणि प्रवास वेगळा धरून. आणि तो ऐकल्या ऐकल्या बहिणीला सांगू नका.

जाता जाता: फॉर्म्युला वनचा जगज्जेता शूमाकर, त्याचा बाप गवंडी होता. त्यानं पोराच्या पायडलच्या कार्टला छोटं इंजिन बसवून दिलं, आणि पोरानं ती नेऊन दिव्याच्या खांबावर घातली. मग त्याला केर्पेनच्या ट्रॅकवर नेलं. तुमच्याकडं तर अख्खं गॅरेज आहे.

मास्तर राजापूर

मुलाचं अभिनंदन. पण गर्दी होत नाही याचं मला दुःख नाही. वेगाची हौस आमच्याकडे येते ती शनिवार-रविवारी दापोलीच्या किनाऱ्यावर, मोठाल्या गाड्यांतून. वाळूत गोल गोल फिरवतात, भरतीला रुततात आणि मग ट्रॅक्टरवाल्याला शोधत फिरतात. वेळासला माणसं कासवाच्या अंड्यांना राखण बसतात आणि इकडे हे. त्यात आणखी शर्यतींचं कौतुक नको.

गॅरेजवालो कुडाळ

मास्तरांनू, तुमचा राग बरोबर आसा, पत्तो चुकलो. त्या वाळूतल्यांना मी स्वतः दोनदा ओढून काढलंय, पैसे दुप्पट घेतले. पण ट्रॅकवर शिकलेला पोरगा तसा होत नाही हो. हा आता माझ्या मागे स्कूटरवर बसला की पाठीत बोट खुपसतो, "मामा, ट्रकच्या इतको जवळ जाव नको, तेचो ब्रेक तुका दिसता काय?" बाजारात चारचौघांत ओरडतो, लाज आणतो.

चाकरमानी लालबाग

2011 साली दोन गोष्टी सुरू झाल्या: नोएडाची फॉर्म्युला वन आणि आपल्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण. शर्यत तीन वर्षांत बंद पडली. महामार्गाचं काम मात्र वर्षानुवर्षं चालूच राहिलं.

मस्करी राहू दे. त्या पहिल्या वर्षी मी गेलो होतो, मित्राच्या भावोजींनी तिकीट दिलं म्हणून. शुक्रवारी सरावाच्या वेळी ट्रॅकवर कुत्रा आला आणि सगळं थांबवलं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. जर्मनीचा वेटेल पुढे होता आणि तोच जिंकला (पुढची दोन्ही वर्षंसुद्धा तोच). त्याला टाळ्या मिळाल्या, नाही असं नाही. पण पार मागे एचआरटी नावाच्या टीमची एक गाडी यायची, आपल्या भारताच्या नारायण कार्तिकेयनची, आणि ती आली की आमचा अख्खा स्टँड उभा. दर लॅपला. माझ्या पुढच्या रांगेतला सरदारजी तर वेटेल गेला तेव्हा समोसा खात बसून होता आणि ह्याला मात्र पगडी सांभाळत उड्या मारत होता. कार्तिकेयन सतरावा आला. सतरावा!

तेव्हा मामा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की लोकांना शर्यत नको असते, आपला माणूस शर्यतीत हवा असतो. तुमच्या त्या आजोबांनाही बैल कुणाचा हे माहीत होतं म्हणून वेळ पाठ होती. आणि आपला माणूस असूनही कळलं नाही तर त्याचा उपयोग नाही. आमच्या मुंबईचा जेहान दारूवाला 2020 च्या डिसेंबरात बहरीनच्या साखिरला फॉर्म्युला टूची (फॉर्म्युला वनच्या लगेच खालची) शर्यत जिंकला, ती जिंकणारा पहिला भारतीय. कार्टिंगचे प्रशिक्षक रायोमंड बानाजींच्या हाताखाली ह्याच शहरात कार्ट शिकलेला पोरगा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पेढे घेऊन गेलो, तर लोकांनी विचारलं, "मुलगा झाला का?"

नोएडाचं तर करांच्या भांडणात गेलं. चेन्नईने 2024 ला भर शहरात रात्रीची शर्यत केली, मरीनाच्या बाजूला. तिथल्या लोकांना घरून चालत जाऊन बघता आली. आपल्याकडे बघायला जायचं तर आधी घाट चढायचा.

हर्णैची

गॅरेजवाले दादा, मी कॉलेजात असताना आमच्या टीमची कार्ट बांधली आहे, वेल्डिंगचे डाग अजून हातावर आहेत. चाकरमान्यांचं म्हणणं अर्धं पटतं. आपला माणूस हवा, खरं. पण बघायचं काय तेही सांगावं लागतं. बैलाचं लोकांना लहानपणापासून माहीत असतं. कार्ट मात्र लांबून बघितली तर गवत कापायच्या यंत्रांची मिरवणूक वाटते.

मी आईला एकदाच एक गोष्ट दाखवली आणि ती तासभर बघत बसली. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ अॅक्सलवर, म्हणजे दोन्ही एकाच वेगाने फिरणार. वळणात बाहेरच्या चाकाला अंतर जास्त, आतल्याला कमी, मग गाडी वळायलाच मागत नाही, सरळ जाते. यावर उपाय एकच: आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं अशा कोनात बसवलेली असतात की आतलं पुढचं चाक खाली दाबतं, चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पिळवटते आणि मागचं आतलं वर येतं. सस्पेन्शन नाही म्हणतात, पण चासी हेच सस्पेन्शन. चांगला पोरगा ते चाक कागद सरकेल इतकंच उचलतो आणि लगेच टेकवतो. कच्चा पोरगा एक तर उचलत नाही, घासत जातो, नाही तर इतका वेळ हवेत ठेवतो की वेग मरतो. भाच्याचा व्हिडिओ असेल तर त्यात तेवढंच बघा.

आणखी एक, टू-स्ट्रोकवर गेलात तर तुमच्या कामाचं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, हवा विरळ. खाली आपल्याकडे हवा दाट, पण दमट. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल किती जायचं ते ठरवणारं भोक) दोन्हीकडे एकच चालणार नाही, प्लगचा रंग बघत बसावं लागेल, आणि ते तुम्हाला कुणी शिकवायला नको. कार्ट कधी घरी आणलीत तर समुद्राच्या वाऱ्याला उघडी ठेवू नका. आमची एका पावसाळ्यात हर्णैच्या पडवीत राहिली, चेन आणि अॅक्सल इतके गंजले की दिवाळीत बाबांनी ती कोयत्याने सोडवायला घेतली होती.

गॅरेजवालो कुडाळ

मंडळी, गणपती आटपले, आता निवांत लिहितोय. एका टीमशी बोलणं झालंय, दिवाळीनंतर एक दिवस टेस्टिंग. आकडा ऐकला. बहिणीला अजून सांगितला नाही.

दुसरं म्हणजे, चाकरमानी आणि हर्णैच्या ताई, तुम्हा दोघांचं एकत्र करून बघितलं. आमच्या वाडीत गौरीच्या दुसऱ्या दिवशी रात्री भजन होतं. बुवा यायला उशीर झाला, माणसं बसलेली, तर मी भजनाचा माइक घेतला आणि पडदा लावून मे महिन्यातला व्हिडिओ दाखवला. आधी सांगितलं, हो कोणाचो झील ता बघा. मग नांगरणीत सांगतात तसे लॅपचे सेकंद माइकवरून ओरडत गेलो. पहिले तीन लॅप माणसं बोलत होती. चौथ्याला मी म्हटलं, आता त्या वळणावर मागचं आतलं चाक बघा. भाड्याची जड कार्ट, उचलतं ते जेमतेम, पण एका जागी उचललं आणि मागे बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

काकी पुढेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, ता चाक वर कित्याक गेला? मोडला काय?" मी ताईंनी लिहिलंय ते आपल्या भाषेत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटच्या लॅपला स्वतःच ओरडल्या, "उचाल, उचाल!" दुसरा आला हे कळल्यावर मात्र पहिल्या आलेल्या पोराला इतक्या शिव्या घातल्या की बुवांना येऊन माइक काढून घ्यावा लागला.

टेस्टिंगला यायला आतापर्यंत अकरा जणांनी नावं दिलीत. शर्यत नाही रे, नुसतं टेस्टिंग आहे, एकटाच फिरणार, असं दहा वेळा सांगून झालं. काकी म्हणतात, घावणे मी करतंय. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची म्हणतोय. पहाटे तीनला निघालो तर फोंडा घाटात धुकं किती असतं त्या दिवसांत, कुणी सांगेल का?