नर्सिंग, फिजिओ आणि मेडिकलच्या मुलांना एकत्र शिकवायला सुरुवात कुठून करू?

वॉर्डातली_मॅडम
नमस्कार. मी नर्सिंग कॉलेजला क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. आमच्याकडे तिन्ही कॉलेजं एकाच आवारात. तिन्हींची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच, पण मुलं एकत्र बसून कधी काही शिकत नाहीत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मेडिसिन वॉर्डात एक आजोबा होते, मधुमेह आणि पायाला जखम. इंटर्नने इन्सुलिनची वेळ साडेसात लिहिलेली. नाश्त्याची गाडी येईलच म्हणून माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीने ते दिलं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, नऊ वाजले तरी गाडी वर आली नाही. फिजिओचा मुलगा आजोबांना चालवायला घेऊन निघाला. त्यांचा तळहात घामाने ओला लागत होता, त्याला वाटलं घाबरलेत. दहा पावलांवर आजोबा मटकन खाली बसले. साखर ४८. शुद्धीवर होते म्हणून साखरेचं पाणी तरी पाजता आलं, आणि पंधरा मिनिटांनी साखर वर आली.

नंतर मुलीला विचारलं, नाश्ता आला नाही हे डॉक्टरांना का नाही सांगितलंस? म्हणाली, "मॅडम, सरांना कसं सांगणार?" हे 'सर' तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे! चूक तिच्या एकटीच्या नावावर लागली, ते मला आजही पटलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१० चा आराखडा वाचलाय: एकमेकांविषयी, एकमेकांकडून, एकमेकांबरोबर शिकायचं. प्राचार्य हॉलमध्ये एकत्र लेक्चर ठेवायला तयार आहेत. तेवढ्याने भागेल का?

फिजिओ_सातारकर
लेक्चर नको. आम्ही ठेवलं होतं. तीन युनिफॉर्मचे तीन गट आले, तसेच बसले आणि तसेच उठून गेले.

पुढच्या वर्षी सहाच मुलं घेतली, प्रत्येक शाखेची दोन, आणि एक रुग्ण. केस पेपर आधी दाखवायचा नाही. रुग्णाशी बोलायचं आणि शोधायचं एवढंच, की घरी गेल्यावर यांचं काय अडेल? अर्धांगवायूतून सावरलेल्या एक मावशी होत्या. गोळ्या ठरल्या, व्यायाम ठरला, आणि नर्सिंगच्या मुलीने विचारलं, "मावशी, संडास कुठंय?" घरामागे, चार पायऱ्या उतरून. आमच्या मुलांनी सपाट जमिनीवरचा व्यायाम बाजूला ठेवून पायऱ्यांचा सुरू केला. लघवी जास्त करवणारी गोळी संध्याकाळची होती, म्हणजे रात्री उठून त्याच पायऱ्या. ती सकाळी देता येईल का, हे मेडिकलच्या मुलाने जाऊन वॉर्डाच्या रजिस्ट्रार डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बदलून दिली. हे लेक्चरमध्ये कुणी शिकवलं असतं?

एक नियम ठेवाच: आधी नर्सिंगने बोलायचं, मेडिकलने शेवटी.

मिरजेची_लेक
मी स्वीडनमध्ये नर्स आहे. इथल्या लिन्शोपिंग विद्यापीठाने १९८६ मध्येच वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र शिकवायला घेतली, आणि १९९६ मध्ये मुलांनी चालवायचा वॉर्ड उघडला. शिक्षक मागे उभे असतात, पण रुग्णाचं सगळं मुलंच बघतात. अशाच एका वॉर्डात मी मुलांवर लक्ष ठेवायला असायचे. रुग्णाचं अंग पुसणं, चादर बदलणं हे भावी डॉक्टरांनाही करावं लागतं. चादर बदलताना दोन बाजूंना दोघं लागतात, तिथेच बोलणं सुरू होतं. आपल्याकडे असा वॉर्ड लगेच उघडणार नाही, पण दोघांनी मिळून चादर बदलायला काय लागतं?

सिस्टर_इनचार्ज
मॅडम, सहा मुलं पाठवा, साठ नको. दुपारी दोनला ड्यूटी बदलते, तेव्हा हँडओव्हर ऐकायला तिन्हीकडच्या मुलांना उभं करा. कुणाचं जेवण राहिलं, कोण रात्रभर कण्हत होतं, हे तिथेच कळतं. आणि लॉगबुकमध्ये सही मिळाली तरच मुलं येतील, ते आधी मिटवा.

वॉर्डातली_मॅडम
सगळ्यांचे मनापासून आभार. हॉल नको म्हणून उद्याच प्राचार्यांना सांगते. गुरुवारी दुपारी आमची आणि फिजिओची मुलं मोकळी असतात. मेडिकलच्या मुलांसाठी मेडिसिनच्या मॅडमना गाठते, सहीचंही त्यांच्याशीच बोलते. सातारकर सर, रुग्णाची परवानगी तोंडी घेता की लेखी?

फिजिओ_सातारकर
लेखी. पण आधी मी स्वतः जाऊन विचारतो, मुलं बरोबर नसताना. सहा जण कॉटभोवती उभे असले की रुग्णाला नाही म्हणणं जड जातं.